जुन्या स्पोर्ट्स कारला ऑइल कोणतं टाकायचं? नागपुरात पहिल्यांदाच बॉनेट उघडणाऱ्यांसाठी

मामांची १९७१ची एमजीबी ही इंग्रजी स्पोर्ट्स कार माझ्याकडे आली, तेव्हा लाडाने मी तिला दुकानातलं सगळ्यात महाग ऑइल पाजलं. फुल सिंथेटिक, ५डब्ल्यू-३०. दुकानदार म्हणाला होता, नवीन गाड्यांत हेच जातं. आठवडाभराने, एप्रिलच्या एका दुपारी, व्हरायटी चौकाच्या सिग्नलला गाडी उभी होती आणि ऑइल प्रेशरचा काटा निवांत खाली झोपायला लागला. तशीच रखडत गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी सळी, काढली, दोन बोटांत ऑइल चोळलं आणि म्हणाले, "भाऊ, हे तर पाणी टाकलं ना तुम्ही. काहून टाकलं?"

ऑइल खराब नव्हतं. दुसऱ्याच इंजिनासाठी बनलेलं होतं, एवढंच. आता आमच्या ओळखीतली बरीच पोरं जुन्या गाड्या घेताहेत आणि पहिला फोन "ब्रँड कोणता घेऊ?" असाच येतो. ब्रँडचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी काय बघायचं, ते सांगतो.

आधी इंजिनाचं घराणं ओळखा

गाडीचं वय विचारू नका, इंजिनाची बांधणी विचारा. ढोबळमानाने आपल्याकडे दोन घराणी भेटतात.

पहिलं जुनं, पुशरॉडवालं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यावर सपाट टॅपेट, तिथून लांब सळ्या वर रॉकरपर्यंत. एमजीए, एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर ही सगळी याच घराण्यातली. नागपूरकरांसाठी आनंदाची गोष्ट अशी, की ही इंजिनं आपल्या मिस्त्रींना अजिबात परकी नाहीत. आपल्या अॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि १९५५ साली आलेल्या एमजीएचं १४८९ सीसीचं इंजिन एकाच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज कुळातलं. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. तसंच मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड आणि स्पिटफायर ही सख्खी भावंडं. म्हणून ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी आयुष्यभर टॅक्सीच्या अॅम्बेसेडर उघडल्या, त्यांना सलाम करा आणि त्यांचं ऐका. चकाचक वर्कशॉपमधल्या लॅपटॉपवाल्या पोराला या इंजिनाबद्दल सांगण्यासारखं फार काही नसतं, कारण लॅपटॉप लावायला त्यात जागाच नाही.

दुसरं घराणं ओव्हरहेड कॅमचं, म्हणजे कॅमशाफ्ट वर हेडमध्ये असलेलं, आणि फ्युएल इंजेक्शनचं. २००० सालच्या आसपासची होंडा सिटी १.५ व्हीटेक, किंवा रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन बसवलेली, गोव्यात बनलेली छोटी दोन आसनी सॅन स्टॉर्म. या गाड्याही आता पंचवीस वर्षांच्या झाल्या, म्हणजे जुन्याच. पण त्यांचं इंजिन बारीक फटींचं आणि बारीक वाटांचं आहे. व्हीटेकचं तर बघा, वरच्या फेऱ्यांना कॅमचा दुसरा, उंच उठाव जोडणाऱ्या छोट्या पिना ऑइलच्या दाबानेच सरकतात. तिथे "गाडी जुनी झाली, जाड ऑइल टाक" असं कोणी म्हणालं, की नम्रपणे नाही म्हणा. सिटीच्या मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिला आहे तो सोडू नका.

मॅन्युअल नसेल तर मिळवा. त्यातलं हवामानानुसार ग्रेड दाखवणारं कोष्टक हा या सगळ्या प्रकरणातला पहिला कागद. बहुतेक इंग्रजी गाड्यांची मॅन्युअलं आजही छापील मिळतात.

डब्यावरचे आकडे

२०डब्ल्यू-५० या नावात दोन वेगळ्या परीक्षांचे निकाल आहेत. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत कमी घट्ट होतं. २०डब्ल्यूची स्टार्टिंगची परीक्षा उणे १५ अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २०वर, १०डब्ल्यूची उणे २५वर आणि ५डब्ल्यूची उणे ३०वर. आपल्याकडे डिसेंबर २०१८मध्ये पारा ३.५ अंशांवर गेला होता तेव्हा अख्ख्या शहराने शेकोट्या पेटवल्या होत्या. उण्याची भानगड नागपुरात नाही. त्यामुळे ज्यांचं मॅन्युअल २०डब्ल्यूला हो म्हणतं, त्यांना इथे थंडीच्या आकड्याची फार चिंता नाही. फक्त एक आहे, जानेवारीच्या सकाळी १०डब्ल्यू किंवा १५डब्ल्यूचं ऑइल वरच्या रॉकरपर्यंत जरा लवकर चढतं. २०डब्ल्यू असेल तर स्टार्ट केल्यावर एक-दीड मिनिट तरी अॅक्सिलरेटर दाबू नका. शेजाऱ्याला आवाज ऐकवायची हौस नंतर भागवा.

दुसरा आकडा आपल्या कामाचा. तो इंजिन तापल्यावरचा, १०० अंशांवरचा जाडपणा सांगतो. ३० ग्रेडचं ऑइल या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या (जाडपणा मोजायचं एकक) पट्ट्यात, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९च्या पट्ट्यात असावं लागतं. आता हिशेब असा, की मोठ्या फटींच्या बेअरिंगमधून पातळ ऑइल भराभर बाहेर निसटतं आणि दाब पडतो. माझ्या गाडीचं तेच झालं होतं. उलट बारीक फटींत जाड ऑइल वेळेवर शिरत नाही. त्या वेळी काटा मात्र मस्त वर दिसतो, कारण पंप जोर लावत असतो आणि जास्तीचं ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, पडत असतं. वर गेलेला काटा म्हणजे बेअरिंगला ऑइल पोचलं, असं समजून बसू नका.

मे महिन्याचं काय करायचं

नागपूरचं ऊन ४५-४६ अंश दाखवतं, आणि नवतपा लागला की त्याच्याही पुढे जातं. पण बाहेर १५ अंश जास्त म्हणजे इंजिनातही सरळ १५ अंश जास्त, असं होत नाही. रेडिएटर आणि थर्मोस्टॅट पाण्याचं तापमान सांभाळतात. ऑइलला मात्र वेगळा कूलर नसेल तर त्याचा वाली कोणी नाही. चेंबरच्या पत्र्याला लागणारी हवाच त्याला गार करते, आणि ती हवा आपल्याकडे डांबरावरून तापून येते.

याचा परिणाम किती होतो? नेहमीच्या २०डब्ल्यू-५० ऑइलचं तापमान १०० वरून १२० अंशांवर गेलं, की त्याचा जाडपणा एक तृतीयांशाहून थोडा जास्त घटतो. म्हणजे त्या क्षणी तुमचं पन्नासवालं ऑइल १०० अंशांवरच्या तीसवाल्यासारखं वाहतं. मी टाकलेल्या ५डब्ल्यू-३०चं काय झालं असेल, ते तुम्हीच बघा.

सिग्नलला उभं राहण्यापेक्षाही मला हायवेची भीती जास्त वाटते. ओव्हरड्राइव्ह (हायवेवर फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) नसलेली एमजीबी टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांना साधारण २९ किलोमीटर ताशी जाते. शिवमडक्यापासून समृद्धीवर चढलात आणि ११० धरलात, तर इंजिन ३८०० फेऱ्यांवर तासन्‌तास राहणार. मध्ये गाव नाही, स्पीड ब्रेकर नाही, श्वास घ्यायला जागा नाही. सत्तर सालच्या इंजिनाला अशा रस्त्याची सवय नाही. उन्हाळ्यात जायचंच असेल तर पहाटे निघा, ९० धरा आणि काट्यावर नजर ठेवा.

काटा किती असावा? एमजीबीच्या कारखान्याने दिलेला आकडा चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, १० ते २५. म्हणजे मेच्या दुपारी बर्डीच्या सिग्नलला गरम इंजिन आयडलवर १५ दाखवत असेल, तर घाबरून उगाच जाड ऑइल ओतू नका. गाडी चालू लागली की ५०च्या वर जातो का, ते बघा. जात नसेल तर आधी दुसरा, यांत्रिक गेज लावून खात्री करा. जुन्या गेजवर इंजिन उघडायचा निर्णय घेणारे लोक मी पाहिलेत, खर्च त्यांनीच केला.

माझं सरळ मत: कारखान्याने २०डब्ल्यू-५० सांगितलेल्या पुशरॉड इंजिनाला नागपुरात बाराही महिने तेच द्या. १५डब्ल्यू-५० मिळालं तर अजून छान. हिवाळ्यासाठी वेगळं, उन्हाळ्यासाठी वेगळं असला दुहेरी संसार करायची गरज इथे नाही.

जस्ताची गोष्ट

जुन्या इंजिनात कॅमचा उंचवटा सपाट टॅपेटवर घासत सरकतो. मध्ये रोलर नसतो. त्या बारीकशा रेषेवर इतका दाब येतो की ऑइलचा थर तिथे पुरत नाही. तिथे कामाला येतं झेडडीडीपी, म्हणजे जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक रसायन. उष्णतेने आणि घर्षणाने ते धातूवर पातळ साय धरतं, आणि झिजते ती साय, कॅम नाही.

मग नव्या ऑइलमध्ये ते कमी का केलं? फॉस्फरसमुळे एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होत जातो. म्हणून एपीआय या ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या, २००४मध्ये आलेल्या एसएम दर्जापासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ, इंधन वाचवणाऱ्या ग्रेडमध्ये फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. २०२०च्या एसपीपर्यंत ती चालत आली आहे. पण २०डब्ल्यू-५० आणि १५डब्ल्यू-४० यांसारख्या जाड ग्रेडना ही वरची मर्यादा लागू नाही, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. मर्यादा नाही म्हणजे जस्त भरपूर आहेच, असं मात्र धरू नका. कंपनीच्या डेटा शीटमध्ये जस्त किंवा फॉस्फरसचा आकडा शोधा. पुशरॉड इंजिनासाठी ०.१० ते ०.१२ टक्के फॉस्फरस दिसला की मी पुढे चौकशी करत नाही.

तुमच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, म्हणजे दुसऱ्या घराण्यातली गाडी आहे, तर या जस्ताच्या नादी लागू नका. वरून ओतायच्या जस्ताच्या बाटल्याही विकतात. त्या मला पटत नाहीत. ऑइल बनवणाऱ्याने सगळी रसायनं मापात बसवलेली असतात, आपण अंदाजाने त्यात फोडणी घालायची कशाला?

डिझेलचं १५डब्ल्यू-४० टाकण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल, विशेषतः वाडीकडच्या ट्रकवाल्या मिस्त्रींकडून. त्यात तथ्य आहे, त्या ऑइलमध्ये झिजरोधक रसायन चांगलं असतं. डब्यावर सीआय-४ सारख्या डिझेलच्या दर्जासोबत एसएल किंवा तसा एस-ने सुरू होणारा पेट्रोलचा दर्जाही छापलेला असेल तरच घ्या, आणि मॅन्युअल ४० ग्रेडला परवानगी देत असेल तरच.

इंजिनाची तब्येत

आता डबा बाजूला ठेवा आणि तुमच्या स्वतःच्या इंजिनाकडे बघा. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येऊन थांबतो का? व्हॉल्व्ह गाइड किंवा त्यांचे सील गेलेत. चढावर जोर देताना सतत निळा धूर? पिस्टनच्या रिंगा. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट थर? पावसाळ्यात फक्त धरमपेठ ते रामदासपेठ अशी दोन किलोमीटरची फेरी मारत असाल तर तो नुसता ओलावा असू शकतो, एकदा कोंढाळीपर्यंत गाडी तापवून आणा. तरी परत आला आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट.

डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर लगेच थांबा. हेराल्ड, जुनी फियाट अशा यांत्रिक फ्युएल पंपाच्या गाड्यांत पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसते आणि नवखा माणूस खूश होतो, की माझी गाडी ऑइल खात नाही! आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबर आणि पडदे त्यासाठी बनलेले नव्हते, म्हणून हा वास दर पंधरा दिवसांनी घेत जा.

ऑइल खाणाऱ्या इंजिनाला एक पायरी जाड ऑइल दिलं तर धूर कमी होतो. होतो, नाही म्हणत नाही. पण ते तापावर पॅरासिटामॉल घेण्यासारखं आहे. रिंगांचं काम पुढच्या हिवाळ्यात काढायचं ठरवलं असेल, तर तोवर चालवा.

मिनरल की सिंथेटिक, यावर नागपुरात पानठेल्यावर तासभर भांडण होऊ शकतं. "सिंथेटिकने गळती लागते" यातलं खरं इतकंच, की वर्षानुवर्षं साचलेल्या गाळाने झिजलेले सील बुजवलेले असतात. चांगल्या डिटर्जंटचं ऑइल तो गाळ धुतं आणि आधीपासून असलेली गळती उघडी पडते. तसंही सुरुवातीच्या बी-सिरीज इंजिनांना क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतंच, ऑइल परत आत ढकलणाऱ्या आटे पाडलेल्या खाचा होत्या. तिथून थेंब पडणारच, खाली पुठ्ठा ठेवा. नव्याने बांधलेलं स्वच्छ इंजिन आणि हायवेची हौस असेल तर योग्य ग्रेडचं सिंथेटिक उन्हाळ्यात नक्कीच जास्त टिकतं. वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला चांगलं मिनरल पुरतं. माझ्या गाडीत मिनरलच आहे.

जुनं इंजिन आतून घाण असेल तर डिझेल किंवा रॉकेल घालून फ्लश करू नका. सुटलेले गाळाचे तुकडे थेट पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या पिकअपच्या जाळीवर जाऊन बसतात. त्यापेक्षा नवीन ऑइल टाकून ५०० किलोमीटरवर एकदा बदला, मग हजारावर पुन्हा बदला.

खरेदी आणि बदल

सुट्टं ऑइल घेऊ नका, कितीही ओळखीचं दुकान असो. सीलबंद डबा, त्यावर बॅच नंबर, भरल्याची तारीख आणि एपीआयचा दर्जा. बिल घ्या. सर्वो, मॅक, कॅस्ट्रॉल, गल्फ, जे सहज मिळतं ते चालेल, ग्रेड आणि दर्जा जुळला पाहिजे. दुचाकीचं ऑइल स्वस्त दिसलं तरी ते ओल्या क्लचसाठी केलेलं असतं, ते तिकडेच राहू द्या. एक लिटर जास्तीचं घ्या आणि डिकीत ठेवा. एमजीबीला साधारण सव्वाचार लिटर लागतं, ऑइल कूलर असेल तर थोडं जास्त.

दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा, म्हणजे गाळ ऑइलसोबत वाहून निघेल. सपाट जागा, चाकांना विटा, आणि जॅकखेरीज पक्के स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. ड्रेन नट सोडण्याआधी वरचं झाकण उघडा. निदान वीस मिनिटं निथळू द्या, तोवर चहा होतो. निघालेलं ऑइल पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात घ्या आणि उजेडात बघा. काळं असणं ठीक आहे. चंदेरी चमक किंवा तांबूस कण दिसले, तर बेअरिंगची पाळी आली.

नटाचा तांब्याचा वॉशर नवीन टाका. फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा, रबर टेकलं की हातानेच पाऊण फेरा, पान्याने आवळू नका. उभ्या बसणाऱ्या फिल्टरमध्ये आधीच थोडं ऑइल भरून घ्या. नवीन ऑइल ओतल्यावर कॉइलची वायर काढा आणि काटा हलेपर्यंत पाच-पाच सेकंद स्टार्टर मारा. मग वायर लावून चालू करा, दोन मिनिटांनी बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघा. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका, क्रँक ऑइलला घुसळून फेस करतो, आणि फेसाला दाब नसतो.

जाता जाता एमजीबीवाल्यांसाठी: तिच्या चार-स्पीड गिअरबॉक्सलाही हेच इंजिन ऑइल लागतं आणि एसयू कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्येही (त्यातल्या पिस्टनची हालचाल संथ ठेवणाऱ्या नळीत) थोडं जातं. गिअरबॉक्समध्ये जीएल-५ गिअर ऑइल टाकू नका, त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना बाधतात.

पुढचा बदल किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर ठरवा. वर्षातून एकदा, गाडी कितीही कमी फिरली तरी. मी पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आसपास बदलतो, म्हणजे चार महिन्यांचा ओलावा आणि आम्ल बाहेर जातं आणि शस्त्रपूजेला गाडीही स्वच्छ असते.

निघालेलं काळं ऑइल नालीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. २०१६च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. रिकाम्या डब्यांत भरून मोठ्या गॅरेजला द्या, त्यांचे ड्रम रीसायकलवाले उचलतात. उरलेल्या रिकाम्या डब्यांना भंगारात देण्याआधी स्क्रू ड्रायव्हरने दोन भोकं पाडा, नाहीतर त्यातच कोणीतरी काळं ऑइल गाळून भरेल आणि तो डबा सील होऊन तुमच्याच हाती परत येईल.